ऑनलाइन दुकानासाठी प्रणालीची निवड : कलघटगीच्या पाळण्याचे उदाहरण

धारवाड जिल्ह्यातील कलघटगी हे तालुक्याचे गाव रंगीत लाकडी पाळण्यांसाठी प्रसिद्ध आहे. कन्नड भाषेत पाळण्यास ‘तोट्टिलु’ म्हणतात. सागवानी लाकडावर लाखेच्या रंगांनी कृष्णलीला व रामकथेतील प्रसंग रेखाटलेला हा पाळणा एकाच घरात अनेक पिढ्यांच्या बारशांना उपयोगी पडतो. २०१८ मध्ये कन्नड अभिनेते अंबरीश यांनी अभिनेते यश यांच्या कन्येसाठी येथूनच पाळणा बनवून घेतल्यामुळे या कलेचे नाव दूरवर पोचले. अशा वस्तूला गावाबाहेरील ग्राहक थेट मिळावयाचा, तर ऑनलाइन दुकान हे प्रभावी साधन ठरू शकते. मात्र ते कोणत्या प्रणालीवर उभारावे, याचा विचार आधी होणे अगत्याचे आहे.

प्रणाली म्हणजे काय?

संकेतस्थळावरील चित्रे, वर्णने, किमती आणि आलेल्या मागण्या यांची व्यवस्था ठेवणारी, व संगणकशास्त्र न शिकलेल्या व्यक्तीसही त्यांत बदल करू देणारी आज्ञावली म्हणजे आशय-व्यवस्थापन प्रणाली होय. माल फळीवर मांडणे आणि वही लिहिणे, ही मुनीमाची दोन्ही कामे ती करते.

अशा प्रणालींचे स्थूलमानाने दोन प्रकार आहेत. पहिला भाडेतत्त्वाचा. २००६ मध्ये कॅनडात सुरू झालेली शॉपिफाय ही या प्रकारातील सेवा आहे. दरमहा शुल्क भरल्यास सर्व्हर, सुरक्षितता व दुरुस्ती यांची चिंता उरत नाही. परंतु शुल्क थांबले की दुकानही बंद होते. दुसरा प्रकार मुक्त स्रोत आज्ञावलींचा. २००३ मध्ये आलेल्या वर्डप्रेसला २०११ पासून वूकॉमर्स या आज्ञावलीची जोड मिळाली असून दोन्ही विनामूल्य आहेत. तथापि सर्व्हरचे भाडे आणि देखभाल यांचा भार मालकावर पडतो. मॅजेंटो या प्रणालीच्या पहिल्या आवृत्तीचा अधिकृत आधार जून २०२० मध्ये संपला. तेव्हा तिच्यावर चालणाऱ्या दुकानांना नव्या आवृत्तीवर किंवा दुसऱ्या प्रणालीवर जाण्याची तयारी करावी लागली. ‘विनामूल्य’ या शब्दाचा अर्थ ‘बिनखर्चाचे’ असा घेऊ नये, हे यावरून ध्यानी येईल.

वस्तू पाहून निवड

तयार कपड्यांच्या दुकानास शिल्लक मालाची मोजदाद महत्त्वाची असते. पाळणा मागणीनंतर घडविला जातो. त्यामुळे विसाराची रक्कम, पाळणा तयार होण्याची तारीख, ग्राहकाने निवडलेली चित्रे आणि वजन व अंतर यांनुसार वाहतूक खर्च यांची नोंद त्या प्रणालीत करता आली पाहिजे. विसाराची सोय पुष्कळदा स्वतंत्र जोडआज्ञावलीने घ्यावी लागते. तिचा खर्च आरंभीच विचारून घ्यावा. ग्राहक कर्नाटकातील तसेच महाराष्ट्रातीलही असल्याने कन्नड, मराठी व इंग्रजी या तिन्ही भाषांत मजकूर देता येतो किंवा नाही, हेही पडताळावे.

वर्षाकाठी मोजकेच पाळणे विकणाऱ्या कारागिरास मोठ्या प्रणालीची गरज नसते. चित्रे, किमती व दूरध्वनी क्रमांक देणारे साधे पान आणि यूपीआयने विसार स्वीकारण्याची सोय एवढ्यावर आरंभ करणे हितावह ठरते. मागणी वाढल्यावर पुढचे पाऊल टाकता येते.

मालकी कोणाची?

निवडीतील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न मालकीचा आहे. संकेतस्थळाचे नाव, म्हणजेच डोमेन, कारागिराच्या अथवा त्याच्या सहकारी संस्थेच्या नावावर नोंदलेले असावे. ते संकेतस्थळ बांधून देणाऱ्याच्या नावावर राहिल्यास, त्याच्याशी मतभेद होताच वर्षानुवर्षे मिळविलेली ओळख हातची जाण्याचा संभव असतो. मुख्य परवलीचा शब्द मालकापाशी असावा. वस्तू व ग्राहक यांची यादी साध्या तक्त्याच्या स्वरूपात उतरवून घेता येते याची खात्री करावी आणि तशी प्रत दरमहा काढून ठेवावी. यादी हाती असली म्हणजे प्रणाली बदलता येते.

कायद्याच्या बाजूकडेही लक्ष हवे. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० अन्वये ऑनलाइन दुकानाने आपले नाव, पत्ता व तक्रार निवारण अधिकाऱ्याचा तपशील दर्शविणे आवश्यक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावयास हवे. ग्राहकाच्या कार्डाचा क्रमांक दुकानाने साठवून ठेवण्यास रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार ऑक्टोबर २०२२ पासून मनाई आहे; म्हणून पैसे स्वीकारण्याचे काम मान्यताप्राप्त सेवेकडेच सोपवावे.

निवड पक्की करण्यापूर्वी एक सोपी परीक्षा घ्यावी. जी व्यक्ती रोज दुकान पाहणार आहे, तिने स्वतः एका पाळण्याचे चित्र चढवावे, किंमत बदलावी आणि एक चाचणी मागणी नोंदवून ती रद्द करावी. गावातील शिक्षक अथवा शिकलेली मुले यात मार्गदर्शन करू शकतील. ही कामे परक्याच्या मदतीशिवाय जिच्यावर करता येतात, ती प्रणाली त्या दुकानास योग्य समजावी.