एका पत्र्यावरचे अनेक रंग

दाबयंत्र, आम्लाची पात्रे आणि वजनदार रूळ हा मुद्राचित्रणाचा सरंजाम वर्ध्याजवळच्या सिंदी मेघ्यातील एकट्या चित्रकाराने पदरमोड करून जमवणे दुरापास्तच. म्हणूनच मुद्राचित्रकार हेटर यांनी १९२७ साली पॅरिसमध्ये उघडलेल्या, पुढे ‘आतलिए १७’ म्हणून विख्यात झालेल्या सामाईक कार्यशाळेचे महत्त्व. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतले कायको मोती आणि शांतिनिकेतनचे कृष्ण रेड्डी यांनी तेथे जी बहुरंगी मुद्रणपद्धती सिद्ध केली, तिचे मर्म शाईच्या दाटपणात आहे: कोरलेल्या धातुपत्र्याच्या उंच भागांवर कठीण रुळाने तेलकट, पातळ शाई चढवल्यावर मऊ रूळ दाट शाई खोलगट भागांत पोचवतो, परंतु पातळ शाईच्या थरावर ती धरत नाही, परिणामी सारे रंग, आश्चर्य म्हणजे, एकाच दाबात कागदावर उमटतात. बडोद्याची ‘छाप’ ही १९९९पासूनची कार्यशाळा याच सामाईक परंपरेतली.