दीड मिनिट

“माणशी सरासरी दीड मिनिट,” फादर म्हणाले आणि गुडघ्याला बाम चोळत राहिले.

वसईच्या पश्चिम पट्ट्यातल्या एका चर्चमध्ये ईस्टरच्या आधीचा सामुदायिक प्रायश्चित्तविधी होता. आजूबाजूच्या धर्मग्रामांतले धर्मगुरू त्या संध्याकाळी इथे कन्फेशन ऐकायला आले होते. इथले फादर दुसऱ्या दिवशी दुसरीकडे जाणार होते. ज्यांच्याशी सकाळी रस्त्यात गाठ पडते त्यांनाच मनातलं काळंबेरं सांगायचं जिवावर येतं, म्हणून ही अदलाबदल. हे कळल्यावर माझं निम्मं कुतूहल तिथेच भागलं. ही व्यवस्था माणसाचा स्वभाव चांगला ओळखून होती.

मी ख्रिस्ती नाही. 2018 मध्ये केरळातल्या एका ऑर्थोडॉक्स चर्चच्या पुरोहितांवर आरोप झाले, की एका बाईने कन्फेशनमध्ये सांगितलेलं तिच्याचविरुद्ध वापरलं. त्यावर राष्ट्रीय महिला आयोगाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी ही प्रथाच बंद करावी अशी शिफारस केली. कॅथलिक चर्चनेही जोरात विरोध केला. तेव्हा मी तावातावाने आयोगाच्या बाजूने बोलले होते. मग लक्षात आलं, की कन्फेशन मी फक्त हिंदी सिनेमात पाहिलंय. म्हणून इथे आले.

सिनेमातलं ते जाळीचं लाकडी कपाट इथे होतं, पण त्यात एकच फादर बसले होते. बाकीचे कोपऱ्याकोपऱ्यांत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, गळ्यात जांभळा स्टोल, समोर आणखी एक खुर्ची. समोरासमोर बसायची ही मोकळीक 1973 च्या सुधारित विधीपासूनची. जाळी त्याहून खूप जुनी. मिलानचे आर्चबिशप चार्ल्स बोरोमियो यांनी सोळाव्या शतकात तिचा आग्रह धरला तो मुख्यतः बायका आणि धर्मगुरू यांच्यात आड असावा म्हणून. म्हणजे आयोगाला आलेली शंका चर्चला साडेचारशे वर्षं आधीच आली होती.

प्रार्थना झाली, वाचन झालं, रांगा लागल्या. मी मागच्या बाकावर होते. तिथून शब्द ऐकू येत नव्हते, पाठी तेवढ्या दिसत होत्या. बामवाल्या फादरांच्या रांगेत लाल लुगड्यातली एक आजी होती, केसांत मोगरा. ती बसली ती बसलीच. बोटांवर मोजत, मान हलवत बोलत राहिली. तिच्यामागचा पंचविशीतला मुलगा मोबाइल खिशात घालून बसला, काहीतरी बोलला आणि उठलासुद्धा. जाताना बाकाला धडकला. कोणाचं काय होतं ते मला कळणं शक्य नाही, पण डोळे पुन्हा पुन्हा त्या मुलाकडेच जात होते.

आजीसारखं बारीकसारीक सगळं मोजून सांगावंच लागतं, असं मला वाटत होतं. नियम उलटाच आहे. किरकोळ पापांचं कन्फेशन सक्तीचं नाहीच. प्रार्थनेने, दानधर्माने, ख्रिस्तप्रसादानेही ती धुतली जातात. चर्च शिफारस करतं, इतकंच. सक्ती आहे ती गंभीर पापाला, आणि पाप गंभीर ठरायला तीन गोष्टी जमाव्या लागतात: बाब मोठी हवी, ती मोठी आहे हे ठाऊक हवं आणि तरीही राजीखुशीने केलेली हवी. एक जरी कमी पडली तर वजन उतरतं. असं पाप वर्षातून एकदा तरी सांगायचं, हा दंडक 1215 च्या लॅटरन परिषदेचा. कोणतं पाप आणि किती वेळा केलं तेही सांगायचं, हे 1551 मध्ये ट्रेंटच्या परिषदेने पक्कं केलं. हे फादरांनी भराभर सांगितलं, शाळेत शिकवून शिकवून पाठ झाल्यासारखं.

“मग ज्यांना सक्ती नाही तेच जास्त येतात का?”

ते हसले. “दीड मिनिट सांगितलं तेच पुष्कळ झालं.”

त्यांना धरून बोलतं करण्यात अर्थ नव्हता. ऐकलेलं उघड केलं तर धर्मगुरू तत्क्षणी बहिष्कृत होतो आणि तो बहिष्कार फक्त रोमच उठवू शकतं. त्या माणसाशी बाहेर तो विषयसुद्धा काढायचा नाही. दिवसभर ऐकायचं आणि रात्री कोणापाशी हलकं व्हायचं नाही, या कामाला दुसरं काय म्हणावं मला सुचत नाही. बामाचा वास मात्र त्यांच्याभोवती दाटून होता. तीन तास एका जागी बसून गुडघे धरतात, म्हणाले.

माझी खरी अडचण वेगळी होती. दीड मिनिट, त्यावर तीन ‘नमो मरिया’, की झालं? सुनेला टाकून बोलणाऱ्या बाईलाही तेवढंच आणि भावाला लुबाडणाऱ्यालाही तेवढंच? त्यातून पश्चात्तापही परिपूर्ण नको. नरकाच्या भीतीने वाईट वाटलं तरी या संस्कारात चालतं. मला हे फार स्वस्त वाटलं आणि मी तसं बोलून दाखवलं.

फादर चिडले नाहीत. “समजा, एकाने बांध हातभर सरकवला,” ते म्हणाले. वसईत गुंठ्याचे भाव काय आहेत ते दोघांनाही ठाऊक होतं. “पाप माफ होईल. बांध मागे घ्यावाच लागेल. घेणारच नाही म्हणाला, तर मी माफी देऊ शकत नाही. प्रार्थना त्याच्या जिवासाठी, बांध शेजाऱ्यासाठी.”

“आणि हो म्हणून घरी गेला, बांध तिथेच राहिला तर?”

“मी तलाठी नाही.”

हे उत्तर मला पटलं नाही, अजूनही पटत नाही. पोप फ्रान्सिस यांनी 2013 मध्ये बजावलं होतं, की कन्फेशनची जागा छळघर होता कामा नये. मान्य. पण ज्याची जमीन गेली त्याला या सगळ्या व्यवहारात खुर्चीच नाही. देव आहे, पापी आहे, मध्ये फादर आहेत. शेजारी कुठाय?

तेही मी विचारलं.

फादर उठले, पाय झटकून पाहिला. “तोही येणारच की रांगेत,” म्हणाले. “शेजाऱ्याचं तोंड बघायची इच्छा होत नाही, हे सांगायला.”