‘वाटून खावं’ हे चित्रांचं पुस्तक शिकवू शकतं का? उत्तर शोधत मणिबेलीपर्यंत जावं लागतं

लहान मुलाचा वाढदिवस असला की हल्ली भेटवस्तूंमध्ये पुस्तकांचा एक संच हमखास निघतो. वाटून खावं, खोटं बोलू नये, राग आला तर दहा आकडे मोजावेत, झोपण्याआधी दात घासावेत. प्रत्येक पुस्तकात सशाचं, अस्वलाचं नाहीतर हत्तीचं पिल्लू चुकतं, पस्तावतं आणि शेवटच्या पानावर शहाणं होतं. आई-बाबांच्या ग्रुपवर या पानांचे फोटो आणि रील्स सतत फिरत असतात.

पण पिल्लू शहाणं झालं म्हणून पुस्तक ऐकणारं मूलही शहाणं होतं का?

कधीकधी होतं. मात्र मुलाला त्या पानावर आपण दिसतो का, यावर बरंच अवलंबून असतं. पुण्या-मुंबईच्या घरात हा प्रश्न फारसा जाणवत नाही. नर्मदेकाठच्या मणिबेलीत तेच पुस्तक उघडलं की तो लगेच समोर येतो. मणिबेलीला जाण्याआधी थोडं टोरंटोला जाऊन येऊ.

दहा स्टिकर आणि एक रॅकून

कॅनडातल्या टोरंटो विद्यापीठाच्या संशोधकांनी ४ ते ६ वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. प्रत्येक मुलाला आवडीचे दहा स्टिकर निवडायला सांगितले. मग विचारलं, एका मुलाला स्टिकर मिळणार नाहीत, त्याच्यासाठी तुझ्यातले काही ठेवशील का? किती ठेवले ते मोजलं. नंतर पुस्तक वाचून दाखवलं आणि पुन्हा तोच प्रश्न विचारला.

पुस्तकं तीन होती. एकात रॅकूनचं पिल्लू वाटून घ्यायला शिकतं. दुसऱ्यात गोष्ट तीच, फक्त चित्रांत प्राण्यांच्या जागी माणसं. तिसरं बियांविषयीचं, तुलनेसाठी ठेवलेलं. माणसांची चित्रं असलेलं पुस्तक ऐकून मुलांनी आधीपेक्षा जास्त स्टिकर दिले. रॅकूनचं पुस्तक ऐकणाऱ्या मुलांच्या वाटण्यात मात्र वाढ झाली नाही, उलट थोडी घटच झाली. शब्द तेच होते. बदललं होतं ते फक्त चित्रातलं कोण.

याच विद्यापीठातल्या कांग ली यांच्या गटाने २०१४ साली खरं-खोटं बोलण्याविषयीही असाच प्रयोग केला होता. ३ ते ७ वर्षांच्या मुलांना सांगितलं, मागे ठेवलेलं खेळणं वळून बघायचं नाही. मग गोष्ट सांगितली आणि विचारलं, पाहिलंस का? ‘लांडगा आला रे आला’ आणि पिनोकिओ या गोष्टींचा, म्हणजे खोटं बोललं की शिक्षा होते असं सांगणाऱ्या गोष्टींचा, मुलांच्या खरं बोलण्यावर परिणाम दिसला नाही. जॉर्ज वॉशिंग्टन आणि चेरीच्या झाडाच्या गोष्टीचा दिसला. त्या गोष्टीत मुलगा चूक कबूल करतो आणि वडील त्याचं कौतुक करतात. म्हणजे धाक दाखवून उपयोग झाला नाही, खरं बोलल्याचं चीज झालेलं पाहून झाला.

हे एका दिवसापुरते, परदेशी शहरातल्या मुलांवरचे प्रयोग आहेत. त्यांच्या जोरावर कोणी पंचतंत्र रद्दीत देऊ नये. (तसं पाहिलं तर पंचतंत्र ‘चांगलं वाग’ हे सांगायला रचलेलंच नाही. राजाच्या तीन ढ मुलांना जगातले डावपेच कळावेत म्हणून विष्णुशर्म्याने ते सांगितलं, अशी त्याची चौकट आहे. त्यातले प्राणी चांगलेच चलाख आहेत.) पण पुस्तकातलं वागणं स्वतःच्या आयुष्यात आणायचं, तर मुलाला आधी ‘हे माझ्यासारखं आहे’ असं वाटावं लागतं, हा धागा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

चांगलं चित्रपुस्तक उपदेश कुठे लपवतं?

मॉरिस सेंडाक यांचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ हे १९६३ सालचं पुस्तक घ्या. मॅक्स लांडग्याचा पोशाख घालून घरभर दंगा करतो. आई त्याला उपाशी झोपायला पाठवते. तो मनातल्या मनात होडीतून अक्राळविक्राळ प्राण्यांच्या देशात जातो, त्यांचा राजा होतो आणि कंटाळून परत येतो. खोलीत जेवण ठेवलेलं असतं, अजून गरम. कोणी कोणाची माफी मागत नाही. आई तर एकाही चित्रात दिसत नाही. तरी राग ओसरतो आणि घर तिथेच असतं, हे ऐकणाऱ्या मुलाला कळतं. शब्द जे सांगत नाहीत ते चित्र सांगतं, चित्र जे दाखवत नाही ते मूल भरून काढतं. उपदेश असलाच तर तो या मधल्या जागेत असतो.

मराठीत ही जागा सर्वांत चांगली ओळखली ती माधुरी पुरंदरे यांनी. लिहिणं त्यांचं, चित्रंही त्यांचीच. ‘राधाचं घर’ असो की यश नावाच्या मुलाची पुस्तकं, त्यात रोजचं घर आहे, पसारा आहे, आजी-आजोबा आहेत, दमलेली मोठी माणसं आहेत. शेवटी तात्पर्य नाही. ‘चित्रवाचन’ हे त्यांचं पुस्तक तर मुलांनी चित्रांवर बोलावं म्हणूनच आहे. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. घरात एकच मराठी चित्रपुस्तक घ्यायचं असेल तर सशा-अस्वलांचा संच सोडून त्यांचं कोणतंही घ्यावं, असं माझं सरळ मत आहे.

पण राधाच्या घराची ओळख पटायला तसं घर पाहिलेलं असावं लागतं. सगळ्यांनी ते पाहिलेलं नसतं.

मणिबेलीत तेच पुस्तक उघडलं तर

महाराष्ट्रातल्या विधानसभा मतदारसंघांची यादी अक्कलकुव्यापासून सुरू होते. त्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात नर्मदेच्या काठावर मणिबेली आहे. पलीकडचा काठ गुजरातचा. सरदार सरोवर धरण इथून जवळच, त्यामुळे त्याच्या फुगवट्याचं पाणी महाराष्ट्रात पहिल्यांदा शिरलं ते याच गावात. राज्यातली ३३ गावं या धरणाने बाधित झाली. काही कुटुंबं पुनर्वसनासाठी गुजरातेत गेली, काही डोंगरावर आणखी वर सरकली. १९९४ साली ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी मोठ्या धरणांना पैसा पुरवणं थांबवा असं जागतिक बँकेला सांगणारं निवेदन काढलं. त्याला नाव दिलं ‘मणिबेली जाहीरनामा’. इतक्या लहान गावाचं नाव वॉशिंग्टनच्या टेबलावर जावं, हे विरळाच.

आता इथल्या पाच वर्षांच्या मुलीच्या हातात ‘चांगल्या सवयी’चं पुस्तक आहे असं समजा. पहिल्या चित्रात बेसिन, आरसा आणि सोडलेला नळ. दुसऱ्यात डायनिंग टेबल. तिसऱ्यात स्वतःच्या वेगळ्या खोलीत झोपणारं मूल, उशाशी दिवा. धडा आहे हात धुण्याचा, नीट जेवण्याचा, वेळेवर झोपण्याचा. पण पाणी जिथे डोक्यावरून चढण चढून आणतात, तिथे चित्रातून पहिली गोष्ट कळते ती अशी की शहाणी मुलं अशा घरात राहतात. कुडाच्या भिंतीचं, कौलांचं घर पुस्तकात असलंच तर बहुधा ‘गरीब लाकूडतोड्या’चं असतं. उपदेश कितीही हळुवार असला तरी हा दुसरा, न लिहिलेला धडा हळुवार नसतो.

गंमत म्हणजे वाटून घेणं इथे कोणी नव्याने शिकवायची गरज नाही. पेरणी-कापणीला किंवा घर उभारायला पाड्यातली माणसं मजुरी न घेता एकमेकांच्या कामाला जातात. सातपुड्यात त्याला ‘लाहा’ म्हणतात. आज माझं काम, उद्या तुझं, आणि कामाला आलेल्यांना त्या घरी जेवण. ‘शेअरिंग’वर याहून चांगलं चित्रपुस्तक कोणतं होईल? पण संचातलं पिल्लू अजून चॉकलेटच वाटतंय.

ही तक्रार जगात नवी नाही. १९६५ साली नॅन्सी लॅरिक यांनी अमेरिकेत १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत निघालेली ५,२०६ बालपुस्तकं तपासली. त्यांत एखादं तरी कृष्णवर्णीय पात्र असलेली पुस्तकं होती ६.७ टक्के. पुढे १९९० साली रुडिन सिम्स बिशप यांनी म्हटलं की पुस्तकं मुलांसाठी खिडक्याही असतात आणि आरसेही. हे दोन्ही शब्द महत्त्वाचे आहेत. मणिबेलीच्या मुलीला लिफ्ट, पेंग्विन आणि समुद्र दाखवायला हवेतच. नुसतं ‘त्यांचं त्यांना’ देणं हाही एक कोंडवाडाच. अडचण एवढीच की तिच्या वाट्याला सगळ्या खिडक्या येतात आणि कोथरूडच्या मुलाच्या वाट्याला सगळे आरसे.

आणि पुस्तक बोलतं कोणत्या भाषेत?

चित्र ओळखीचं असलं तरी खालची ओळ प्रमाण मराठीत असते. अक्कलकुव्याच्या डोंगरात घराघरांत भिल्लांच्या बोली आहेत, धडगावकडे पावरी. शाळेत पाऊल टाकेपर्यंत अनेक मुलांना मराठी जवळजवळ परकी असते. शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात शक्य तिथे मातृभाषेतून शिकवावं असं आहे, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तेच आहे. त्या ‘शक्य तिथे’मध्ये बरंच काही वाहून जातं.

नर्मदेकाठी याचं एक उत्तर कायद्याची वाट न पाहता शोधलं गेलं. नर्मदा बचाओ आंदोलनाने १९९१-९२ च्या सुमारास चिमलखेडी आणि निमगव्हाण इथे जीवनशाळा सुरू केल्या, पुढे मणिबेलीसह आणखी गावांत. शिक्षक बहुतेक त्याच खोऱ्यातले तरुण. मुलं शाळेतच राहतात, चौथीपर्यंत शिकतात. पाणी चढलं तशा काही शाळाच वर हलवाव्या लागल्या. २०१९ च्या सप्टेंबरात धरण पहिल्यांदा १३८.६८ मीटरपर्यंत भरलं, तेव्हा काठावरच्या शाळांची काय त्रेधा उडाली असेल याची कल्पना करता येईल. या जीवनशाळांमधल्या शिक्षकांनी पावरीत अक्षरओळख तयार केली, गावातल्या म्हाताऱ्यांकडून ऐकलेल्या गोष्टी लिहून काढून त्यांची पुस्तिका केली. चकचकीत कागद नाही, रंगीत छपाईचा थाट नाही. पण वर म्हटलेली ‘हे माझ्यासारखं आहे’ ही अट पहिल्याच पानावर पूर्ण होते.

त्याआधीची पिढी पाहायची तर डहाणूजवळच्या कोसबाडला जावं लागेल. १९५७ पासून तिथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी वारली मुलांसाठी बालवाडी चालवली. दगड, बिया, पानं, शिंपले हेच शिक्षणाचं साहित्य आणि गुरं राखणाऱ्या मुलांसाठी थेट कुरणात शाळा. आज पालघर जिल्ह्यातच ‘क्वेस्ट’ ही संस्था ‘गोष्टरंग’ नावाचा उपक्रम करते. तरुण कलाकार आदिवासी भागातल्या शाळांमध्ये बालपुस्तकांतल्या गोष्टी सादर करतात. आधी गोष्ट अंगाने कळते, मग पुस्तक हातात येतं.

पुस्तकं गोळा करून पाठवताय?

दर दिवाळीला ‘आदिवासी पाड्यावर वाचनालय उभारूया, घरातली जुनी पुस्तकं द्या’ अशा पोस्ट फिरतात. हेतू चांगलाच असतो. पण खोक्यात बहुतेक वेळा जातात ते आपल्या घरात कोणी न वाचलेले उपदेशाचे संच, त्यातले निम्मे इंग्रजी. त्याऐवजी कमी शब्दांची किंवा बिनशब्दांची पुस्तकं पाठवा. त्यांना भाषेची अडचण नाही, शिक्षक त्यावर कोणत्याही बोलीत बोलू शकतो. पाठवण्याआधी त्या शाळेच्या शिक्षकाला एक फोन करून काय हवं ते विचारा. बहुतेक जण हेच करत नाहीत.

दुसरा मार्ग फुकट आहे. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावरची चित्रपुस्तकं खुल्या परवान्याची आहेत. वाचा, डाउनलोड करा, छापा, भाषांतरही करा. मराठी तर आहेच, गोंडी, कोरकू, संथालीसारख्या भाषाही आहेत. नंदुरबारचे तुम्ही असाल आणि तुमची आजी भिलोरी किंवा पावरी बोलत असेल, तर सोळा पानांच्या पुस्तकाला तिच्याजवळ बसून एक संध्याकाळ पुरते.

आणि वाचून दाखवताना? अमेरिकेत ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट यांच्या गटाने १९८८ साली दाखवलं की पालकांनी नुसतं वाचण्याऐवजी मध्ये थांबून ‘हा काय करतोय?’, ‘आता काय होईल?’ असे मोकळे प्रश्न विचारले, तर महिनाभरातच दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या भाषेत फरक दिसतो. त्यामुळे शेवटच्या पानावर ‘मग यातून काय शिकलास?’ हा प्रश्न टाळा. मूल तेव्हा गोष्टीतून बाहेर येतं आणि तुम्हाला हवं ते उत्तर देऊन मोकळं होतं. ‘तू असतास तर?’ असं विचारून गप्प बसा. उत्तर बहुधा विषय सोडून असेल, आजीच्या घरच्या मांजराबद्दल किंवा शाळेतल्या कोणा मुलाच्या डब्याबद्दल. ते पूर्ण ऐका, मगच पान उलटा.