आधी खात्री, मग बोट

‘तुमच्या खात्यावरून १८,४९९ रुपयांची खरेदी झाली. तुम्ही केली नसल्यास इथे दाबा.’ थोरल्या जाऊबाईंना परवा असा मेसेज आला. त्या दाबणारच होत्या, मी हात धरला. अहो, खरी गोम त्या ‘इथे दाबा’तच असते! आम्ही खरेदीचं अ‍ॅप वेगळं उघडलं. ऑर्डरच्या यादीत काही नाही, बँकेतले पैसेही जागच्या जागी. मेसेजच खोटा!

ऑर्डर दिसली असती तर? लगेच पासवर्ड बदलायचा, कार्डामागच्या नंबरवर फोन करून कार्ड बंद करायचं. ‘ऑर्डर रद्द करतो, ओटीपी सांगा’ म्हणणाऱ्याचा फोन सरळ ठेवून द्यायचा. पैसे गेलेच असतील तर १९३० ही सरकारी हेल्पलाइन आहे. ‘ह्यांना काय सांगू’ या धास्तीत रात्र घालवू नका. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी कळवलं, तर ते अडवता येतात.