भंडारा जिल्ह्यातील किल्ले : इतिहास, शब्द आणि आजची भेट

मागील घटकात आपण मराठीच्या शब्दसंपत्तीतील फारसी-अरबी घटकाचा परिचय करून घेतला. तेथील उदाहरणे बहुतांशी दरबार, महसूल आणि न्यायव्यवहार या क्षेत्रांतील होती. प्रस्तुत घटकात आपण किल्ला या वास्तूकडे वळणार आहोत. किल्ल्याचा इतिहास त्याच्या दगडांत जितका असतो तितकाच त्याच्या नावात आणि त्याच्या भागांना लोक जे शब्द वापरतात त्यांतही असतो. या अभ्यासासाठी आपण सह्याद्रीत न जाता भंडारा जिल्ह्यातच थांबू.

याला कारण आहे. ‘किल्ला’ म्हटले की मराठी वाचकाच्या मनात रायगड, राजगड, प्रतापगड अशी चित्रे उभी राहतात. बखरी, पोवाडे, शालेय पाठ्यपुस्तके आणि ऐतिहासिक कादंबरी यांनी ही प्रतिमा इतकी दृढ केली आहे की तुमसर किंवा साकोली तालुक्यातील विद्यार्थीसुद्धा किल्ल्यावर निबंध लिहिताना कधी न पाहिलेल्या कड्याचे वर्णन करतो आणि घरापासून दहा-पंधरा किलोमीटरवरचा गड त्याच्या लेखनात येत नाही. वैनगंगेच्या खोऱ्यातील किल्ल्यांचा इतिहास मात्र वेगळ्या राज्यांचा, वेगळ्या भूगोलाचा आणि म्हणून वेगळ्या शब्दांचा आहे.

शब्दांचे थर

प्रथम शब्द पाहू. ‘दुर्ग’ आणि ‘तट’ हे संस्कृत शब्द. ‘कोट’ हा संस्कृत ‘कोट्ट’पासून आलेला. ‘किल्ला’ हा मूळ अरबी ‘कलआ’, ‘बुरूज’ही अरबीच. ‘दरवाजा’ फारसी. ‘खंदक’ अरबीतून आला, परंतु अरबीनेही तो ‘खणलेले’ या अर्थाच्या जुन्या फारसी शब्दावरून घेतलेला होता. ‘बालेकिल्ला’ या शब्दात लहान मुलाच्या अर्थाचा ‘बाल’ शोधणारे पुष्कळ भेटतात. तेथे फारसी ‘बाला’ म्हणजे ‘वरचा’ हा शब्द आहे. बालेकिल्ला म्हणजे वरचा किल्ला, एवढाच त्याचा अर्थ.

हे शब्द परके आहेत अशी जाणीव सतराव्या शतकातच झाली होती. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली सिद्ध झालेल्या ‘राज्यव्यवहारकोशा’त फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिलेले आहेत आणि त्यात ‘दुर्गवर्ग’ असा स्वतंत्र विभाग आहे. तरीही बुरूज बुरूजच राहिला आणि खंदक खंदकच. शब्द राजाज्ञेने बदलतात त्यापेक्षा तो रोज वापरणारा गवंडी, पहारेकरी आणि शेतकरी यांच्या तोंडी काय बसते यावर अधिक ठरतात, हे भाषेच्या अभ्यासकाने येथे लक्षात घ्यावे.

आता ‘गड’. आंबागड, सानगडी, प्रतापगड (हा महाबळेश्वरजवळचा नव्हे, पूर्वीच्या भंडारा जिल्ह्यातील आणि १९९९ च्या विभाजनानंतर गोंदिया जिल्ह्यात गेलेला) या नावांत तो आहे. ब्रिटिश कागदपत्रांत हीच नावे ‘आंबागढ’, ‘सानगढी’ अशी येतात. भंडारा जिल्हा १९५६ पर्यंत आधी मध्य प्रांत आणि नंतर मध्य प्रदेश या हिंदी-मराठी राज्यात होता आणि हिंदीचा ‘ढ’ प्रांताच्या दप्तरात शिरला होता. गावकरी मात्र ‘गड’च म्हणत राहिले. विदर्भात ‘गढी’ हा शब्दही आहे, परंतु तो पाटील-मालगुजाराच्या मातीच्या तटबंदीयुक्त वाड्यासाठी. गड आणि गढी यांतील हा भेद प्रमाण मराठीच्या कोशापेक्षा आपल्या भागातील वृद्धांच्या बोलण्यात अधिक स्पष्टपणे आढळेल.

पवनी : नदीकाठचा कोट

जिल्ह्यातील सर्वांत प्राचीन तटबंदी पवनीची. हा डोंगरी किल्ला नाही. एका बाजूस वैनगंगा आणि उरलेल्या बाजूंस मातीचा प्रचंड तट व त्यालगत खंदक, अशी या नगराची रचना आहे. येथे नदी हाच एक तट. जुन्या परिभाषेत याला भुईकोट म्हणता येईल, परंतु पवनी ही सैनिकी ठाण्यापेक्षा आधी व्यापाराची आणि धर्माची नगरी होती. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी डॉ. शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन केले. जगन्नाथ टेकडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उंचवट्याखाली मौर्य-सातवाहन काळातील भव्य बौद्ध स्तूप निघाला; त्याचा व्यास सांचीच्या मोठ्या स्तूपाहूनही अधिक आहे. स्तूपाच्या कठड्याच्या दगडांवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत दान देणाऱ्यांची नावे कोरलेली आहेत.

मराठीच्या विद्यार्थ्यासाठी हे कोरीव लेख मोलाचे आहेत. आपली भाषा ज्या प्राकृतांच्या परंपरेतून आली, ती प्राकृत वैनगंगेच्या काठी दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर लिहिली जात होती. ती वाचण्यासाठी नाशिक-जुन्नरच्या लेण्यांपर्यंत जाण्याची गरज नाही.

गावाच्या नावाची दोन रूपे आपल्या कानी येतील : ‘पवनी’ आणि ‘पौनी’. पवन नावाच्या राजावरून हे नाव पडले, अशी कथा सांगितली जाते. कथा बाजूला ठेवली तरी ‘अव’ आणि ‘औ’ यांची अदलाबदल मराठीत नवी नाही. ‘लवण’पासून ‘लोण’ होताना असाच ध्वनिबदल घडला आहे. म्हणून ‘पौनी’ म्हणणाऱ्याला अशुद्ध ठरवू नये.

आंबागड आणि सानगडी

डोंगरी किल्ला पाहावयाचा असेल तर तुमसरपासून सुमारे १३ किलोमीटरवरील आंबागड. सातपुड्याच्या दक्षिणेकडील टेकड्यांवर, जंगलात तो उभा आहे. तो बांधला गेला १७०० च्या सुमारास, देवगडच्या गोंड राज्यात. या राज्याचा प्रसिद्ध राजा बख्त बुलंद शाह हा औरंगजेबाच्या दरबारी गेला, तेथे त्याने इस्लाम स्वीकारला आणि परतल्यावर राज्याचा विस्तार केला. १७०२ मध्ये नागपूर वसविले ते त्यानेच. त्याच्या पदरच्या राजखान पठाण या सरदाराने आंबागड बांधला. गोंड राजा, मुसलमान सरदार, गडाला मराठी नाव आणि भोवती झाडीबोली बोलणारी गावे : एवढ्या एका टेकडीवर इतके प्रवाह एकत्र आले. ‘हा किल्ला कोणाचा?’ या प्रश्नाला एका शब्दाचे उत्तर मागणाऱ्यांची येथे अडचण होते, आणि माझ्या मते ती व्हावीच.

१७४३ मध्ये पहिल्या रघूजी भोसल्यांनी नागपुरावर आपला अंमल बसविला आणि पुढे आंबागडही भोसल्यांकडे आला. त्यांनी त्याचा उपयोग तुरुंग म्हणून केला. गडावरील विहिरीचे विषारी पाणी पाजून कैद्यांना मारीत असत, अशी आख्यायिका या भागात रूढ आहे आणि ब्रिटिश काळातील जिल्हा गॅझेटियरनेही ती नोंदविली आहे. आख्यायिका आणि पुरावा यांत आपण भेद केला पाहिजे. गडाचा तुरुंग होणे ही इतिहासातील गोष्ट. विषाची विहीर ही त्या गोष्टीची लोकांनी केलेली मांडणी. जंगलातील साचलेले पाणी आणि हिवतापाचा प्रदेश लक्षात घेतला तर वर पाठविलेला माणूस परत येत नसे, या अनुभवाला ‘विषारी पाणी’ हे नाव मिळाले असावे, असे मला वाटते.

‘तुरुंग’ हा शब्दही येथे थांबून पाहण्यासारखा आहे. तो पोर्तुगीज ‘त्रोंको’पासून मराठीत आला. पोर्तुगीजांच्या किनाऱ्यावरून निघालेला शब्द थेट वैनगंगेच्या खोऱ्यापर्यंत पोचला. ‘कैद’ अरबी, ‘बंदी’ फारसी आणि ‘जेल’ इंग्रजी. शिक्षेची व्यवस्था ज्या ज्या सत्तेने बदलली, तिने आपला शब्द मागे ठेवला.

किल्ल्याचा तुरुंग होणे हे केवळ आपल्याकडचे नाही. बेल्जियममधील फ्लँडर्स प्रांतात गेंट शहरी ग्रावेनस्टेन नावाचा किल्ला आहे. फिलिप नावाच्या काउंटने तो ११८० मध्ये बांधला. सरदारांचे निवासस्थान म्हणून उभारलेली ही वास्तू नंतर न्यायालय आणि तुरुंग झाली. एकोणिसाव्या शतकात तर तेथे कापसाची गिरणी चालली. १८८५ मध्ये शहराने ती विकत घेण्यास सुरुवात केली, डागडुजी केली आणि १९०७ मध्ये ती लोकांसाठी खुली झाली. तेथील भाषेत ‘स्टेन’ म्हणजे दगड. त्याच शब्दाला पुढे ‘दगडी किल्ला’ आणि त्यानंतर ‘तुरुंग’ असे अर्थ आले. आपल्याकडे वास्तूचा उपयोग बदलला तेव्हा नवा शब्द बाहेरून आला. तेथे जुन्याच शब्दाचा अर्थ बदलला. अर्थविस्ताराचे हे उदाहरण शब्दार्थविचाराच्या घटकात आपल्याला पुन्हा उपयोगी पडेल.

भंडारा शहरातील जुन्या किल्ल्याचीही ब्रिटिश काळात हीच गत झाली. त्यात तुरुंग आला. हा किल्ला गवळ्यांनी बांधला, असे सांगतात. विदर्भात जिचा कर्ता विसरला गेला अशी जुनी वास्तू ‘गवळी राजा’च्या किंवा हेमाडपंताच्या नावे लावण्याची रीत आहे. शहराचे नाव मात्र खूप जुने असावे. रतनपूरच्या कलचुरी जाजल्लदेवाच्या १११४ च्या शिलालेखात खंडणी देणाऱ्या प्रदेशांत वैरागड आणि लांजी यांच्याबरोबर ‘भाणार’ येतो, आणि हाच आजचा भंडारा असे अभ्यासक मानतात. भांडार म्हणजे कोठार, ही सर्वतोमुखी असलेली व्युत्पत्ती त्यामुळे मागे पडते.

साकोली तालुक्यातील सानगडीचा किल्ला लहान आहे; जवळ तलाव आहे. ‘सानगडी’ म्हणजे सान, अर्थात लहान गड, ही व्युत्पत्ती सहज सुचते. ‘सान’ आणि ‘लहान’ हे दोन्ही शब्द संस्कृत ‘श्लक्ष्ण’पासूनच निघालेले जुळे भाऊ आहेत. परंतु या किल्ल्याला ‘सहानगड’ही म्हणतात. झाडीबोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ येतो, तेव्हा गंध उगाळण्याच्या ‘सहाणे’चाही येथे संबंध जोडता येईल. दोन्ही व्युत्पत्ती ध्वनिदृष्ट्या शक्य आहेत, आणि नेमक्या म्हणूनच केवळ ध्वनिसाम्यावर निर्णय देता येत नाही. स्थलनामांच्या अभ्यासात निर्णय होतो तो जुन्या लेखी रूपांवरून.

तलावाचा उल्लेख सहज केलेला नाही. भंडारा हा तलावांचा जिल्हा. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने येथे शेकडो तलाव व बोड्या बांधल्या आणि धानाची शेती उभी केली. येथील सत्तेचा आधार कड्यावरील तोफेपेक्षा पाण्यावर आणि धानावर अधिक होता.

भेट देताना

आंबागडास नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात जावे. मे महिन्यातील ऊन येथे सोसत नाही आणि पावसाळ्यात गवत माजून वाट व बुरुजांच्या कडा दिसेनाशा होतात. नागपूर-गोंदिया लोहमार्गावर तुमसर रोड स्थानक आहे. पायथ्यापासून वर जाण्यास पायऱ्या आहेत. पिण्याचे पाणी सोबत न्यावे. आख्यायिका खरी असो वा नसो, गडावरील पाणी पिऊ नये. तटात रुजलेली झाडे उपटण्याचा उत्साह टाळावा, कारण मुळांबरोबर दगडही निखळतात. भंडाऱ्याचा किल्ला बाहेरूनच पाहावा. पवनीला मात्र पुरेसा वेळ ठेवावा. तटाच्या कडेने चालत गेल्यास खंदकाची रुंदी लक्षात येते, आणि नकाशात न कळणारी नगराची मर्यादा पायांना कळते.

प्रत्येक ठिकाणी वही जवळ असू द्यावी. दरवाजाला, बुरुजाला, टाक्याला, पायवाटेला गावातील लोक काय म्हणतात ते विचारावे. गुराखी आणि वनात मोहफुले वेचणाऱ्या बाया यांच्याजवळ जी नावे आहेत ती कोणत्याही गॅझेटियरमध्ये नाहीत. बुरूज पुरातत्त्व खात्याला पुन्हा बांधता येईल. विसरलेले नाव कोणत्याही खात्याला परत आणता येणार नाही. माहितीफलकावर एकच प्रमाण रूप लागले की दुसरे रूप दहा-वीस वर्षांत लोकांच्या तोंडून जाते. म्हणून सांगणाऱ्याने ‘पानी’ म्हटले असेल तर ‘पानी’च लिहावे, ‘कारा’ म्हटले असेल तर ‘काळा’ असा दुरुस्त करू नये. नोंदीखाली तारीख, सांगणाऱ्याचे गाव आणि अंदाजे वय लिहावे. नाव लिहिण्यास त्यांची संमती असेल तरच लिहावे. एकाच जागेची दोन नावे मिळाली तर दोन्ही ठेवावीत आणि कोणते नाव कोणत्या वस्तीत चालते, तेवढे समोर टिपावे.