आयकराची नोटीस आली, आता वकील कुठं शोधायचा?

गटाच्या बैठकीत हल्ली एक प्रश्न वरचेवर येतो. "ताई, मी जन्मात नोकरी केली नाही, मग माझ्या नावानं आयकराची नोटीस कशी?"

बहुतेक वेळा ती खात्यामुळं येते. एका आर्थिक वर्षात बचत खात्यांत १० लाख किंवा त्याहून जास्त रोख भरली गेली, की बँक आयकर खात्याला कळवते. घरच्या कांद्याचे, सोयाबीनचे पैसे तुमच्या खात्यात भरले असतील, नाहीतर गटातल्या दहा जणींच्या मालाची रक्कम एकीच्याच खात्यातून फिरली असेल. पॅन तुमचं, म्हणून विचारणा तुम्हाला. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही हे खरं, पण पैसा शेतीचाच होता हे दाखवायला सातबारा, आडत्याच्या पट्ट्या आणि बँकेचा उतारा लागतो. गटाचा पैसा असेल तर गटाची हिशोबवही आणि ठराव काढून ठेवा.

वकिलाकडं धावण्याआधी नोटीस खरी आहे का ते बघा. १ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर खात्याच्या पत्रावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो. खात्याच्या संकेतस्थळावर तो टाकून पडताळता येतो. गावातली शिकलेली पोरगी पाच मिनिटांत करून देईल. मोबाईलवर आलेल्या लिंकवर मात्र बोट ठेवू नका.

आता माणूस. ज्या वकिलानं तुमची जमिनीची वाटणी लढवली, त्याला हे काम जमेलच असं नाही. आयकराची कामं करणारे वकील वेगळे, आणि सनदी लेखापाल म्हणजे सीएसुद्धा तुमच्या वतीनं उत्तर देऊ शकतात. आपल्या प्रभागसंघाचं किंवा गावच्या पतसंस्थेचं ऑडिट कोण करतं, तिथून विचारायला सुरुवात करा. उत्तरं आता बहुतेक ऑनलाइनच जातात, त्यामुळं माणूस जिल्ह्याच्या गावी असला तरी चालतो. वकिलाला सनद विचारा, सीएला सदस्यत्व क्रमांक. विचारायला लाजू नका, पैसे आपण देणार आहोत. अशा नोटिशीला आधी उत्तर दिलंय का, फी किती, त्यात अपील धरलंय का, हे कागदावर लिहून घ्या.

"साहेब ओळखीचे आहेत" म्हणणाऱ्याकडून उठून या. "रिफंड काढून देतो, त्यातले इतके टक्के माझे" म्हणणाराही नको. त्यानं खोटी वजावट दाखवली तर वसुली आणि दंड तुमच्या नावावर येतो. आणखी एक, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. रिटर्न भरताना काही एजंट स्वतःचाच मोबाईल नंबर आणि ईमेल टाकतात. मग नोटिसा त्याच्याकडं जातात, आपल्याला पत्ताच नसतो. नंबर तुमचाच हवा, पासवर्डही तुमच्याकडं हवा.

नोटिशीवर उत्तराची तारीख असते, ती आधी कॅलेंडरवर लिहा. कर लावल्याचा आदेश निघालाच, तर अपिलाला साधारण ३० दिवस मिळतात.

फी झेपत नसेल तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. १९८७ च्या कायद्यानं बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मागता येतो. आयकराचं काम जाणणारा वकील यादीत आहे का, असं तिथं स्पष्ट विचारा. जाणं जमत नसेल तर १५१०० वर फोन लावा, पैसे पडत नाहीत.