अंगणातील आगगाडी : नियंत्रण कसे निवडावे?

पालघर आणि बोईसर-तारापूर पट्ट्यातील व्यापारी कुटुंबांचा दिवस लोकलच्या वेळापत्रकावर बेतलेला असतो. साहजिकच घरातील मुलांना आगगाडीचे वेड लवकर लागते. घरामागे थोडी मोकळी वाडी असेल, तर तिथे छोटी आगगाडी मांडण्याचा विचार निघतो आणि चर्चा इंजिनाच्या रूपावर रंगते. कसोटीचा प्रश्न मात्र वेगळा असतो. इंजिनाला वीज कुठून द्यावी आणि आज्ञा कशी पोहोचवावी? येथे निवड चुकली, तर पहिल्याच पावसाळ्यानंतर महागडी गाडी खोक्यात जाऊन बसते.

पुण्यात कोथरूड येथील जोशी यांचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून मराठी कुटुंबांच्या परिचयाचे आहे. तेथील गाड्या मात्र छपराखाली धावतात. उघड्यावरील गाडीसाठी जगभर ४५ मिलिमीटर रुंदीचा रूळमार्ग रूढ आहे. जर्मनीतील लेहमान कंपनीने १९६८ पासून तो लोकप्रिय केला.

नियंत्रणाच्या तीन पद्धती प्रचलित आहेत. पहिली सर्वांत जुनी व स्वस्त. रुळांतून डीसी वीज सोडायची. व्होल्टेज वाढवले की वेग वाढतो, धन-ऋण टोके उलटवली की दिशा बदलते. एका इंजिनासाठी ती पुरेशी आहे. दुसरे इंजिन त्याच रुळावर ठेवले, तर दोन्ही एकाच वेळी धावू लागतात. वेगळी चालवायची असल्यास मार्गाचे स्वतंत्र विद्युत विभाग पाडावे लागतात.

दुसरी पद्धत डीसीसी, म्हणजे अंकीय नियंत्रण. यात रुळांत व्होल्टेज कायम ठेवले जाते आणि त्याच विजेतून संदेश धाडले जातात. प्रत्येक इंजिनातील डिकोडरला स्वतःचा क्रमांक असतो. ते आपल्यापुरती आज्ञा उचलते. अनेक इंजिने, दिवे, आवाज हे सारे साधते. खर्च अर्थातच वाढतो.

या दोन्ही पद्धतींचा प्राण स्वच्छ रुळांत आहे आणि अडचण तिथेच आहे. किनाऱ्याची खारी हवा, कारखान्यांची धूळ आणि पावसाची ओल यांनी पितळी रुळांवर थर चढतो, सांधे गंजतात, वीज पोहोचत नाही. गाडी चालवण्याआधी रूळ घासणे हे नित्याचे काम होऊन बसते.

तिसरी पद्धत हा प्रश्नच टाळते. बॅटरी इंजिनात किंवा मागच्या डब्यात ठेवायची आणि रेडिओ लहरींनी आज्ञा द्यायची. रूळ केवळ वाट दाखवतात. सुमारे १ अँपियर प्रवाह घेणाऱ्या इंजिनाला २५०० मिलिअँपियर-तास क्षमतेची बॅटरी साधारण दोन तास पुरते. मात्र दर इंजिनामागे वेगळा संच लागतो आणि काही वर्षांनी बॅटरी बदलावी लागते. लिथियम बॅटरी योग्य चार्जरवर, मोठ्यांच्या देखरेखीखालीच भारित करावी.

हिशेब मांडताना पहिली खरेदी आणि पुढचा खर्च हे दोन्ही रकाने पाहावेत. एक-दोन इंजिने आणि उघडी वाडी असेल, तर या भागात बॅटरी पद्धतच सोयीची ठरते. छपराखालील व्हरांडा आणि अनेक इंजिने असतील, तर डीसीसीचा विचार करावा. चर्चगेट ते विरार मार्गावर दीर्घकाळ १५०० व्होल्ट डीसी वीज होती, तर विरारच्या पुढे २५,००० व्होल्ट एसी. हा फरक मिटवून चर्चगेटपर्यंत एसी करण्याचे काम २०१२ मध्ये पूर्ण झाले. मांडलेली पद्धत पुढे बदलणे किती मोठे काम असते, ते यावरून कळते.

पद्धत कोणतीही असो, घरातील २३० व्होल्टची जोडणी वाडीत नेऊ नये. ट्रान्सफॉर्मर घरात कोरड्या जागी ठेवावा, त्या जोडणीवर गळतीरोधक स्विच बसवावा आणि बाहेर केवळ २४ व्होल्टपर्यंतचीच वीज जाऊ द्यावी. पावसाळ्यात रुळांवर गोगलगायी आणि गांडुळे येतात. त्या चार महिन्यांत इंजिने घरात विसावलेलीच बरी. दिवाळीच्या सुमारास रूळ तपासून गाडी पुन्हा सुरू करावी.